भावोजी, तुम्ही मला क्रुगरच्या फाटकावर गाठलंत

भावोजी, मी अजून रागावलेलो आहे. माणूस गेल्यावर राग धरू नये असं सगळेच म्हणतात. तुमच्या बाराव्याला अंगणात बसलेले तुमचे भाऊबंदही तेच म्हणत होते, आता काय मनात ठेवायचं. मी मान डोलावली आणि मनात ठेवलं. तुम्ही मला ओळखता. सौदा पुरा झाल्याशिवाय मी दुकानाबाहेर पडत नाही, आणि आपला सौदा अर्ध्यावर आहे. तुम्ही मधूनच उठून गेलात.

गावाहून काल बहारीनला परत आलो. रिफातल्या घरात शिरलो तर हॉलमध्ये तो लाकडी जिराफ उभा, डोक्यावर तुमची करडी टोपी. टोपी विसरलात की मुद्दाम ठेवून गेलात, हे तुम्ही कधी सांगितलं नाही. शुभाने ती तिथून हलवलेली नाही. मीही हलवली नाही. जिराफाकडे बघून मात्र परत डोकं तापलं.

मी स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो हे मी चारचौघांत सांगतो, आणि ते खरं आहे. अॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारांचा माझा कारखाना मला कोणी आंदण दिला नाही. पण मी पहिल्यांदा बहारीनच्या विमानतळावर उतरलो तेव्हा बाहेर तुम्ही उभे होतात. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रिफातल्या एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, घरचे ड्रायव्हर. अरबाबाची लांबलचक गाडी पुसून आणली होतीत आणि मला मागे बसवलं होतंत, साहेबासारखं. मी म्हटलं, पुढे बसतो. तुम्ही म्हणालात, "आज मागे बस. उद्यापासून उन्हात उभो रवायचो आसस." त्या एका दिवसाचा थाट मी विसरलेलो नाही. त्यानंतर आपला प्रत्येक शुक्रवार एकत्र गेला. सकाळी मासळीबाजार, दुपारी जेवण, मग माझ्या सोफ्यावर तुमची झोप. माझं लग्न झालं, सानू झाली, शाळेत गेली, शाळा संपली, सोफे बदलले. शुक्रवार बदलला नाही.

अरबाबाची मुलं मोठी होऊन स्वतः गाड्या चालवायला लागली आणि तुमचा व्हिसा संपत आला, तेव्हा मी तुम्हाला झल्लाकच्या किनाऱ्यावर घेऊन गेलो होतो. आठवतं का? मी म्हटलं, अस्करला कारखान्याची नवी शेड टाकतोय. माझ्या कंपनीच्या व्हिसावर या, खुर्ची टाकून बसा, पोरांवर नजर ठेवा. तुम्ही समोर बघत राहिलात.

"ह्यो काय समुद्र, विजू? ह्यां ताट आसा. पाणी वाढून ठेवल्यासारख्या."

"भावोजी, मी काय विचारतंय?"

"ऐकलंय मी."

"मगे?"

"इंशाल्ला."

बहारीनमध्ये इतकी वर्षं काढल्यावर इंशाल्ला किती प्रकारचं असतं ते मला पाठ झालंय. एक होकाराचं, एक उद्याचं, एक कधीच नाहीचं. तुमचं कुठलं, ते काही कळेना. आणि जे मला पटकन कळत नाही त्यावर माझा एकच उपाय असतो. समोरच्याला आधी खूश करायचं आणि मग परत विचारायचं.

म्हणून ती दक्षिण आफ्रिकेची सहल. सगळ्यांना मी सांगितलं की सानूची शाळा संपली म्हणून चाललोय. सानूलाही तेच वाटलं, तिनेच केप टाउनचं नाव काढलं होतं. आक्काला मी गावाहून बोलावून घेतलं. माझी बहीण मुंबईपर्यंत आली की थकायची, पण तुम्ही येणार म्हटल्यावर तिने बॅग भरली. मनामातल्या ट्रॅव्हल एजंटला मी इतका घोळवला की शेवटी त्याने हात जोडले, "भाई, अब मेरे को जाने दो, घर पे बच्चे हैं." तुम्ही शेजारी बसून त्याच्याकडे असं हसून बघत होता की जणू त्याचे मामा आहात. उठल्यावर मी तुम्हाला म्हटलं, मी सौदा करत असताना हसू नका. तुम्ही म्हणालात, "बरा." आणि परत हसलात.

केप टाउनला आपण उतरलो ते हिवाळ्यात. इथल्या जुलैच्या भट्टीतून निघालेलो आपण तिथे स्वेटर शोधत होतो. टेबल माउंटनचा रोपवे वाऱ्यामुळे बंद होता आणि मी तिकीट खिडकीवरच्या माणसाशी भांडत होतो. माझ्या पॅकेजमध्ये डोंगर आहे, मला डोंगर पाहिजे. तो सॉरी सर, सॉरी सर करत होता. तुम्ही येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "विजू, वाऱ्याबरोबर सौदो करतंस?" खिडकीतल्या माणसाला काही कळलं नाही, पण तोही हसला. तेव्हाही मी चिडलो होतो. आता ते आठवलं की कधी हसू येतं, कधी येत नाही.

दुसऱ्या दिवशी आपण पेंग्विन बघायला गेलो. पांढरी वाळू, मोठे गुळगुळीत धोंडे, आणि त्यांच्यामधून ती जोडपी फिरत होती. आक्का लाकडी कठड्याला धरून उभी होती. सानू तिला माहिती सांगत होती, तिच्या त्या अर्ध्या इंग्रजीत.

"दे स्टे टुगेदर, आत्या. लाइक, फॉर लाइफ. दोघं मिळून अंडी बघतात. टर्न्स घेतात."

"एकाच घरात?" आक्काने विचारलं.

"या. सेम नेस्ट. एव्हरी इयर."

"बरा आसा तेंचा," आक्का म्हणाली.

एवढंच. मी मोठ्याने हसलो होतो. शुभा हसली नाही. तुम्ही हातातला फोन खाली केलात, फोटो न काढता, आणि पाण्याकडे बघत राहिलात. तिथला समुद्र ताटासारखा नव्हता. मोठ्या लाटा येत होत्या, आपल्या गावच्यासारख्या. मला वाटलं, तुम्ही लाटा बघताय.

मग तो बाजार. दगडी फरसबंदीचा चौक, लाकडाचे प्राणी, मण्यांच्या माळा. मी जिराफ धरला. माझी पद्धत तुम्हाला माहीत होती, तरी त्या दिवशी तुम्ही ती नीट उभं राहून बघितलीत. मी कधी भावाने सुरुवात करत नाही. आधी माणसाला हो म्हणायची सवय लावतो.

"गुड वुड, नो?" मी म्हटलं.

"येस, माय फ्रेंड."

"युवर ब्रदर मेड?"

"येस, येस."

"टुडे कोल्ड, लेस कस्टमर?"

"येस."

"वुई आर फाइव्ह पीपल, ऑल वन फॅमिली?"

"येस, आय सी."

"सो यू गिव्ह फॅमिली प्राइस?"

तो येस म्हणून बसला आणि मग जीभ चावली. मी अर्धा सौदा तिथेच जिंकला होता. उरलेला अर्धा तुम्ही घालवलात, कारण तुम्ही त्याच्या भावाची चौकशी करायला लागलात, तो कुठे असतो, लाकूड कसलं, मुलं किती. दोघं एकमेकांना फोटो दाखवायला लागलात. फोटो दाखवणाऱ्या माणसाशी घासाघीस होत नाही. जिराफ मला त्याच्याच भावात घ्यावा लागला. वाटेत तुम्ही मला म्हणालात, "बरी रीत आसा तुझी, विजू. आधी चार वेळा होय म्हणवून घेवचा. पाचव्याक माणूस इचारूचाच विसारता."

मला तेव्हा ते कौतुक वाटलं. तुम्ही शिकत होता, हे कळलं नाही.

क्रुगरच्या जंगलाच्या अलीकडच्या गावात आपण पोचलो तेव्हा संध्याकाळी तुम्हाला नारळ पाहिजे होता. कशाला? तर दुसऱ्या दिवशी जंगलात शिरायचं म्हणून गाऱ्हाणं घालायचं होतं. शुभा पुण्याची. लग्नानंतर तिला मी समजावलं होतं की आमच्याकडे काहीही सुरू करताना घरातला वडीलधारा नारळ हातात घेऊन गावच्या देवाला मोठ्याने सांगतो, काय करणार आहोत, कोणासाठी काय मागणं आहे. एकेक वाक्य झालं की बाकी सगळ्यांनी म्हणायचं, होय महाराजा. तिने तेव्हा विचारलं होतं, "आणि एखादी गोष्ट पटली नाही तर?" मी म्हटलं होतं, गाऱ्हाण्यात न पटणारं कोणी काही बोलतच नाही.

शुभाचा प्रश्न बरोबर होता.

कारखान्यात दर दसऱ्याला गाऱ्हाणं तुमचंच असायचं. माझ्या प्रत्येक नव्या मशिनला, प्रत्येक गाडीला. पण परदेशातल्या जंगलाच्या फाटकावर? मी म्हटलं, भावोजी, लोक बघतील. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या वाड्यात जाताना सांगून जातंव का नाय?" सुपरमार्केटमध्ये नारळ मिळाला. सोललेला, शेंडी नाही, वर स्टिकर. तुम्ही तो हातात घेऊन फिरवलात आणि म्हणालात, "टकलो मिळालो. चलात."

पहाटे कडाक्याची थंडी होती. उघडी गाडी, प्रत्येकाला जाड घोंगडी. आपला गाइड सिफो, धिप्पाड आणि कमी बोलणारा. त्या देशात गाडी डाव्या बाजूने चालते, म्हणून पुढची डावी जागा, जिथे बहारीनमध्ये तुम्ही आयुष्यभर स्टिअरिंग धरून बसलात, ती तिथे प्रवाशाची. तुम्ही तिथेच बसलात. समोर स्टिअरिंग नव्हतं, पण तुमचा उजवा पाय वळणावळणाला ब्रेक दाबत होता. सिफोने ते बघितलं आणि त्यानंतर तो थोडा हळू चालवायला लागला. तुमच्या मागे आक्का आणि सानू, त्यांच्या मागे मी आणि शुभा. सगळ्यात मागच्या बाकावर एक परदेशी म्हातारा-म्हातारी होती, कानटोप्या घातलेली.

फाटक उघडायला वेळ होता. गाड्यांची रांग लागली होती. तुम्ही सिफोला तुमच्या ड्रायव्हरी इंग्रजीत काय सांगितलंत कोण जाणे. त्याने इंजिन बंद केलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. तुम्ही मागे वळून, सीटवर गुडघे टेकून, तो टकला नारळ दोन्ही हातांत धरलात.

"बा देवा रवळनाथा, महाराजा. आज तुझी पाच लेकरां गाव सोडून, समुद्र सोडून, ह्या परक्या मुलखात इली आसत."

"होय महाराजा," आम्ही म्हटलं.

"हयसर जो कोण राखणदार आसात, तेचो मान तेका, तुझो मान तुका."

"होय महाराजा."

"ह्यो सिफो आमका आत घेवन जाता. तेच्या हाताक यश दी, तेच्या गाडयेचो ब्रेक बरो लागांदे."

"होय महाराजा." या वेळी मागच्या म्हातारा-म्हातारीनेही सूर लावला. त्यांना वाटलं असेल की पॅकेजमध्ये आहे.

"आमच्या सानूक जां शिकूचा आसा तां शिकांदे. तिच्या बापाशीन मधी तोंड घालू नये."

"होय महाराजा." हे मी म्हटलं, भावोजी. हसत हसत म्हटलं. शुभाने मला कोपराने ढोसलं.

"विजूच्या अस्करच्या शेडीक बरकत येवंदे. तेच्या पोरांच्या हातापायाक इजा होव नये."

"होय महाराजा." हे मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. पुढच्या गाडीतल्या लोकांनी वळून बघितलं.

आणि मग तुम्ही श्वास घेतलात. मला वाटलं, आता नेहमीचा शेवट, चूकभूल पदरात घे वगैरे. तुम्ही त्याच आवाजात, त्याच लयीत म्हणालात, "आनी मी इतकी वर्सां ह्या बहारीनात काढलंय. आता घराक जातंय. पुढचो जो काय काळ आसा, तो बायलेवांगडा एका छपराखाली जावंदे. कोणी आडवो येव नये, महाराजा."

"होय महाराजा."

माझा आवाज सगळ्यांच्या वर होता. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय कबूल केलं. सिफो हळूच म्हणाला, आमेन. मागच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. आणि या सगळ्यानंतर, सगळे गप्प झाल्यावर, एक बारीक आवाज आला. आक्काचा. तिने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली होती आणि आतूनच ती म्हणाली, "होय महाराजा."

फाटक उघडलं.

मी त्या सकाळी काय बघितलं? काही नाही. हत्तींचा अख्खा कळप रस्ता ओलांडून गेला, पिल्लू मध्ये, मागे एक म्हातारी हत्तीण. तुमचा पाय ब्रेकवर घट्ट. सानू कुजबुजत होती, ओ माय गॉड, ओ माय गॉड. मी तुमच्या पाठीकडे बघत होतो. माझ्या डोक्यात आकडे नव्हते, नुसती आग होती. आयुष्यभर मी लोकांकडून हो म्हणवून घेतलं, आणि माझ्याकडून कोणी घेतलं तर तुम्ही, माझ्याच पद्धतीने, देवाला साक्षीला ठेवून. वर दोन परक्या माणसांचं मतही तुमच्या बाजूने.

चहासाठी गाडी थांबली तेव्हा मी तुम्हाला झाडाखाली गाठलं.

"भावोजी, ह्यां काय होतां?"

"खंयचा?"

"गाऱ्हाण्यात काय घातलास तुमी?"

"जां सगळ्यांनी ऐकलां तां."

"देवाक सांगूच्या आधी माका सांगूक होया होतां."

तुम्ही कपातला चहा फुंकलात. "तुका सांगलंय असतंय तर तू सौदो करूक बसलो असतंस. तुझ्याबरोबर सौद्यात मी कधी जिकलंय?"

"मी सवयीन होय म्हटलंय."

"देवाक सवय कळना नाय. तेका होय कळता."

शुभा मागून आली. "अहो, सगळ्यात मोठा आवाज तुमचाच होता. मला वाटलं आता सिंह काही दिसायचा नाही." ती हसत होती, पण तिचे डोळे लाल होते. मी आक्काकडे वळलो. ती बाकावर बसून बिस्कीट चहात बुडवत होती आणि बिस्कीट केव्हाच विरघळून गेलं होतं.

"आक्का, तुका ठावक होतां?"

"माका खंय कोण इचारता," ती म्हणाली. मग तुमच्याकडे न बघता म्हणाली, "आज ऐकलंय. तुझ्यावांगडाच."

म्हणजे तुम्ही तिलाही सांगितलं नव्हतंत. ती आयुष्यभर गावात, तुम्ही इथे, वर्षातून एकदा रजा. आणि घरी येतोय ही गोष्ट तुम्ही बायकोला सांगितलीत ती आफ्रिकेच्या जंगलाच्या फाटकावर, देवाच्या मार्फत. असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

लॉजवर परतल्यावर तुम्ही पायरीवर नारळ फोडलात. पाणी सांडलं, दोन चांगल्या वाट्या निघाल्या. एक वाटी तिथल्या राखणदारासाठी ठेवायला तुम्ही वाकलात तोच छपरावरून माकड उतरलं आणि दुसरी वाटी घेऊन झाडावर गेलं. मी दगड उचलला. तुम्ही माझा हात धरलात.

"ऱ्हवांदे. पोचला तेका."

माकडानेही तुमच्याच बाजूने कौल दिला.

मी बहारीनला परतल्यावरही सोडलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. व्हिसा रद्द होईपर्यंत रोज विचारलं. अस्करच्या शेडमध्ये तुमच्यासाठी खुर्ची आणून ठेवली, चांगली, हात टेकायला जागा असलेली. तुम्ही येऊन तिच्यावर बसलात, गोल फिरलात, म्हणालात, "बरी आसा," आणि उठलात. विमानतळावर मी तुम्हाला सोडायला निघालो तेव्हा तुम्ही पुढे बसलात आणि सगळ्या वाटेत एकदाही ब्रेक दाबला नाहीत. उतरताना म्हणालात, "खलास, विजू. आता मी ड्रायव्हर नाय."

मी तुम्हाला सुपरवायझर पाहिजे म्हणून सांगत होतो. समोरच्याला माल किती हवा आहे हे कळू द्यायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम आहे आणि मी तो तुमच्यावरही वापरला. सुपरवायझर मला कोणीही मिळाला असता. सोफ्यावर झोपणारा माणूस मिळत नाही. हे मी बोललो नाही. तुम्हाला ते माहीत होतं याची मला खात्री आहे, कारण विमानतळाच्या दारातून तुम्ही परत मागे आलात आणि म्हणालात, "शुक्रवारी फोन कर. जेवल्यावर. मी झोपूच्या आधी."

तसं मी केलं. दर शुक्रवारी फोन. तुम्ही मला काजूची झाडं दाखवायचात, नवीन पंप दाखवायचात, आणि मागून आक्काचा आवाज यायचा. "आमटयेत मीठ कोणी घातला परत?" "मी घातलंय." "कोणी सांगलेला घालूक?" पूर्वी मी तुम्हा दोघांना फोनवर बोलताना ऐकायचो ते पाहुण्यांसारखं. बरी आसस मां? बरो आसंय. जेवलास? जेवलंय. संपलं. आता तुम्ही एकमेकांच्या बोलण्यात बोलत होता, वाक्यं तोडत होता, स्कूटर कोण चालवणार यावरून भांडत होता. मी फोन शुभाच्या हातात द्यायचो आणि ती स्पीकर लावायची. आम्ही जेवण करून तुमचं भांडण ऐकत बसायचो. मी मध्येच ओरडायचो, "मगे, येतास काय परत?" तुम्ही म्हणायचात, "इंशाल्ला." आणि आक्का म्हणायची, "काय्येक इंशाल्ला नाय. भांडी घासूची आसत."

एक आंब्याचा हंगाम, एक पावसाळा. एवढंच छप्पर मिळालं तुम्हाला. गणपती पोचवून झाले आणि एका सकाळी चहा पिऊन पडवीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात. मला गोव्याचं विमान मिळेपर्यंत सगळं झालेलं होतं. ती एक गोष्ट मी कोणाशी घासाघीस करून मागे ढकलू शकलो नाही.

बाराव्याच्या संध्याकाळी लोक गेल्यावर आक्का माझ्याजवळ येऊन बसली. मी तुमच्यावर चिडलेलो आहे हे तिला लहानपणापासूनच्या सवयीने कळतं. ती म्हणाली, "विजू, तुका एक सांगतंय. तू त्या दिवसा नाय म्हटलं असतंस तर ते येवचे नव्हते."

मी म्हटलं, काहीतरीच.

"माका तेणी स्वतः सांगल्यानी. म्हणाले, विजून होय म्हटल्यान म्हणान मी सुटलंय. नायतर तेका एकट्याक सोडून माझो पाय निघाचो नाय."

मी उठलो आणि गोठ्याकडे जाऊन उभा राहिलो.

म्हणजे तुम्हाला माझं होय खरोखर हवं होतं, भावोजी. मला फसवायला नाही, निघायला. मग सरळ विचारायचं होतं. एकदा, झल्लाकला, त्या ताटासमोर. विजू, मी जाऊ का? मी आरडाओरडा केला असता. आठवडाभर तुमच्याशी बोललो नसतो. शेवटी हो म्हटलं असतं. बहुतेक. तुम्हाला त्या बहुतेकची भीती वाटली, हे कळतं मला. पण विचारायला हवं होतं. हा माझा राग आहे आणि तो मी सोडणार नाही, कारण तो सोडला तर तुमच्याशी भांडायला माझ्याकडे दुसरं काय राहतं?

आणि तरी. आक्काला तुमच्या आमटीतलं जास्तीचं मीठ मिळालं, ते माझ्या त्या एका मोठ्या आवाजामुळे मिळालं. आयुष्यात मी पुष्कळ सौदे जिंकलो. हरलो तो एवढाच, आणि तेवढाच कोणाच्या तरी कायमचा उपयोगी पडला.

उद्या शुक्रवार. अस्करची शेड उद्या सुरू करतोय. आज पोरांनी मशिन पुसून झेंडूची फुलं लावली, आणि देवगडचा तो उंच फिटर माझ्याकडे आला.

"शेठ, नारळ आणलाव. गाऱ्हाणां कोण घालतलो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुमची खुर्ची तिथेच होती. तिच्यावर अजून कोणी बसत नाही, मी सांगितलेलं नाही तरी. मी म्हटलं, मी घालतो. ते एकमेकांकडे बघून हसले. मी शिव्याच घालतो एवढंच त्यांना माहीत आहे.

घरी आल्यापासून मी शब्द जुळवतोय. शुभा आणि सानू येणार आहेत. सानू म्हणाली, "डॅड, आय विल से इट द लाउडेस्ट." आणि जुळवताना मला एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. गाऱ्हाणं घालणारा माणूस स्वतः कधी होय महाराजा म्हणत नाही. तो फक्त मागतो. होय बाकीच्यांनी म्हणायचं. म्हणजे इतक्या वर्षांत, इतक्या दसऱ्यांत, तुमच्या तोंडून मी ते कधी ऐकलंच नाही. मला तुमच्याकडून मिळालं ते इंशाल्ला.

उद्या नारळ माझ्या हातात असेल. मी आधी देवाचं मागेन, मग मशिनचं, पोरांच्या हातापायांचं, सानूच्या शिक्षणाचं, आक्काचं. एकेक होय घेत जाईन, माझ्या पद्धतीने, तुमच्या पद्धतीने. आणि सगळे लयीत आले की त्याच आवाजात शेवटचं सांगेन. जो माणूस मला न विचारता गेला, त्याने जिथे असेल तिथे पुढच्या डाव्या बाजूला बसावं, ब्रेक दाबू नये, शेजारची जागा माझ्यासाठी धरावी, आणि तिथून पुढे कुठे जायचं असेल तर आधी मला सांगावं, महाराजा.

पोरं होय म्हणतील. शुभा म्हणेल, सानू म्हणेल. मग मी थोडा थांबेन. तुमचा आवाज उशिरा आला तरी चालेल. आक्काचाही उशिराच आला होता.